फिलोज घराण्याचा मूळपुरुष

ज्युबिलीचें वर्ष आलें म्हणजे बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या पाहावयास येणाऱ्या मंडळींची संख्या वाढते, असा धर्मग्रामांत सर्वत्र अनुभव आहे. कोणाला आजोबांची जन्मतारीख हवी असते, कोणाला पणजीच्या माहेरचें आडनांव. लांज्यासारख्या गांवांतून चाकरीसाठीं मुंबईस गेलेल्या कुटुंबांतील तरुणांचा प्रश्न याहून मोठा असतो. आमचा मूळपुरुष कोण, आणि तो कोठून आला, असें ते विचारतात. प्रश्न चांगला आहे. त्रेंत येथील महासभेनें १५६३ सालीं बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा नियम घालून दिला, त्याचें एक फळ असें कीं, ज्या गरीब कुळांची दखल कोणत्याही राजाच्या दप्तरानें घेतली नाहीं, त्यांचीं नांवें देवळाच्या वहींत सांपडतात.

मात्र ह्या शोधांत एक भ्रम नेहमीं आड येतो. आडनांव पोर्तुगीज, त्या अर्थीं पूर्वजही पोर्तुगालाहून गलबतांत बसून आला असावा, असें पुष्कळांना वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. गोंवें व वसई ह्या प्रांतांत बाप्तिस्मा घेणाऱ्यास त्याच्या धर्मबापाचें अथवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचें आडनांव मिळत असे. डिसोजा, फर्नांडिस, रॉड्रिग्ज हीं आडनांवें धारण करणारे आपण बहुतेक सारे ह्याच मातींतले आहों, आणि त्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

इटलींतून येऊन ह्या देशांत देह ठेवणारे पुरुषही थोडे झाले नाहींत. कुंकळ्ळी येथें १५८३ सालीं प्राण देणारे धन्य रुडोल्फ आक्वाव्हिवा हे आत्रीच्या ड्यूकचे पुत्र होते. व्हेनिसचा निकोलाव मनूची तर १६६५ सालीं मिर्झा राजा जयसिंगाच्या छावणींत प्रत्यक्ष शिवाजीमहाराजांना भेटला होता. परंतु ह्या दोघांचा वंश येथें वाढला नाहीं. इटलींतून आलेल्या पुरुषापासून मराठ्यांच्या राज्यांत वंश वाढला, रुजला आणि पिढ्यान् पिढ्या एकाच धन्याच्या पदरीं राहिला, असें कॅथोलिक घराणें पाहावयाचें तर ग्वाल्हेरच्या फिलोज घराण्याकडे वळावें लागतें. त्या घराण्याचा मूळपुरुष आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासांत एका अतिशय काळ्या दिवसामुळें प्रसिद्ध झाला, आणि म्हणूनच त्याची हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

मायकल फिलोज हा नेपल्सच्या राज्यांतील कास्तेल्लामारे गांवचा. हें गांव नेपल्सच्या आखाताच्या कांठीं, व्हेसुव्हियस ज्वालामुखीपासून जवळच वसलेलें आहे. इसवी सन ७९ मध्यें पाँपेईबरोबर राखेखालीं गडप झालेलें स्ताबिये नगर तेथेंच होतें. आज आपण मायकलला इटालियन म्हणतों खरें, पण इटली नांवाचें एकछत्री राज्य १८६१ पर्यंत अस्तित्वांतच नव्हतें. तो होता नेपल्सकर. कुळ हलकें, विद्या बेताची, आणि धंदा खेंचरें हांकण्याचा. आपल्याकडे आंबा व अणुस्कुरा ह्या घाटांतून बैलांचे तांडे जसे मीठ-धान्याची ने-आण करीत, तसें तिकडे डोंगरवाटांनीं माल वाहण्याचें काम हे खेंचरवाले करीत. त्या धंद्यांत पोट भरेना म्हणून म्हणा किंवा देशाटनाची हांव सुटली म्हणून म्हणा, तो फ्रेंच फौजेंत शिपाई झाला आणि मद्रासच्या किनाऱ्यावर उतरला.

तो काळ असल्या लोकांना मोठा अनुकूल होता. १७६१ सालीं पाँडिचेरी इंग्रजांच्या हातीं पडली, आणि फ्रेंचांच्या चाकरींतून सुटलेले युरोपीय शिपाई पोटासाठीं देशी राजांकडे जाऊं लागले. कवायत शिकविणें, तोफ ओतणें व डागणें, पलटण उभी करणें ह्या विद्येला भाव आला होता. कुळ कोणी विचारीत नसे. मायकलही असाच भटकत उत्तरेस गेला. पुढें महादजी शिंद्यांचा प्रसिद्ध सेनापति डी बॉयन ह्याची दृष्टि त्याच्यावर पडली. डी बॉयन स्वतः सॅव्हॉय प्रांतांतील शांबेरी गांवचा. तो १७८४ सालीं शिंद्यांच्या चाकरींत शिरला आणि त्यानें कवायती पायदळाच्या ज्या पलटणी उभारल्या, त्यांच्या बळावर महादजींनीं १७९० सालीं पाटण व मेडता येथें विजय मिळविले. त्या फौजेंत एका पलटणीची सरदारी मायकलला मिळाली. खेंचरें हांकणारा माणूस कुमेदान झाला! हें त्याच्या अंगच्या हुशारीचें फळ होतें, ह्यांत संशय नाहीं. लिहितां वाचतां न येणाऱ्या माणसाला परक्या देशांत, परक्या भाषेंत, दहा जातींच्या शिपायांकडून हुकूम पाळवून घेणें सोपें नसतें.

मायकलनें ह्याच देशांतील स्त्रीशीं संसार केला. इंग्रज इतिहासकार ह्या माउलीचा उल्लेख अर्ध्या वाक्यांत उरकतात, आणि तिच्या मुलांना अर्धवट जातीचे म्हणून हिणवितात. मला ही रीत पटत नाहीं. वंशाचा माग काढणारे लोक नेहमीं बापाच्या आडनांवामागें धांवतात, परंतु पोरांच्या तोंडीं जी भाषा आली, जें अन्न त्यांना गोड लागलें, ज्या देशाला त्यांनीं आपलें म्हटलें, तें सारें आईकडून आलें. फिलोज घराणें इटलीस परत गेलें नाहीं, ह्याचें मूळ येथेंच शोधावें. मायकलला दोन पुत्र होते. एकाचें नांव फिदेल, दुसऱ्याचें जान बाप्तिस्त. बाप्तिस्त हें नांव अर्थातच बाप्तिस्मा देणारा संत योहान ह्याच्यावरून. फिदेल ह्या नांवाचा अर्थ विश्वासू, इमानी. हा अर्थ वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

१७९२ सालीं महादजी शिंदे पुण्यास आले, तेव्हां मायकलची पलटण त्यांच्याबरोबर होती. १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं महादजींनीं पुण्याजवळ वानवडी येथें देह ठेवला. तेथील शिंदे छत्री आजही लोक पाहावयास जातात. गादीवर आलेले दौलतराव शिंदे हे वयानें अगदीं पोर. मायकलनें आपल्या पलटणी हळूहळू वाढवीत नेल्या आणि डी बॉयनच्या मुख्य फौजेपासून तो जवळजवळ स्वतंत्र झाला. १७९५ च्या अखेरीस डी बॉयन चाकरी सोडून स्वदेशीं निघून गेला. त्याच वर्षीं, २७ ऑक्टोबर रोजीं, सवाई माधवराव पेशव्यांचा अंत झाला होता, आणि पुण्याचें राजकारण असें कांहीं गढूळ झालें कीं, कोण कोणाचा हें ओळखेना. सुमारें वर्षभराच्या कारस्थानांनंतर दुसरे बाजीराव गादीवर बसले. नाना फडणवीस पुन्हां कारभारीपदावर आले, पण बाजीरावांना नाना नको होते. शिंद्यांनीं नानांचा काटा काढावा, त्याबद्दल दोन कोटि रुपये द्यावे, असें सूत जमलें. ह्या मसलतींत दौलतरावांचे भावी सासरे सर्जेराव घाटगे पुढें होते.

नाना फडणवीस म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचें भूषण. मंडणगड तालुक्यांतील वेळास हें त्यांच्या भानू घराण्याचें गांव. पंचावन्न वर्षांच्या त्या मुत्सद्द्यानें पानिपतची धूळ पाहिली होती आणि तीन पेशव्यांचे कारभार अनुभवले होते. असा माणूस शिंद्यांच्या छावणींत सहजासहजीं कसा जाणार? भेटीचा उपचार पुरा करण्यासाठीं छावणींत येण्याचें आमंत्रण आलें, तेव्हां नानांना शंका आली. ती शंका दूर करण्यासाठीं मायकल फिलोज ह्याला पुढें करण्यांत आलें. नानांच्या जिवास व अब्रूस धक्का लागणार नाहीं, अशी त्यानें शपथ वाहिली. त्या काळीं युरोपीय सरदाराच्या शब्दाला मोठें मोल होतें. आपसांत कितीही कपटें चालोत, हे टोपीवाले दिलेला शब्द मोडीत नाहींत, अशी लोकांची समजूत होती. नानांनीं त्या शब्दावर विसंबून जाण्याचें ठरविलें.

दिनांक ३१ डिसेंबर १७९७. नाना आपल्या सुमारें एक हजार माणसांसह शिंद्यांच्या छावणींत गेले. भेट झाली. परत निघतांना मायकलच्या पलटणींनीं त्यांना गराडा घातला आणि सर्वांना कैद केलें. बरोबरच्या प्रतिष्ठित मंडळींच्या अंगावरील वस्त्रेंभूषणें हिसकावून घेण्यांत आलीं. त्याच वेळीं तिकडे शहरांत बाजीरावांनीं नानांच्या पक्षाच्या कारभाऱ्यांना कामाच्या मिषानें वाड्यांत बोलावून अडकवून ठेविलें, आणि घाटग्यांचे शिपाई नानांच्या व त्यांच्या मित्रांच्या घरांवर तुटून पडले. रात्रभर बंदुका वाजत राहिल्या. शत्रूनें शहर जिंकून घेतल्यावर जशी लूट होते, तशी पेशव्यांच्या राजधानींत पेशव्यांच्याच संमतीनें झाली. नानांना अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेवण्यांत आलें. पुढील कांहीं महिने पुण्याच्या सावकारांनीं व गृहस्थांनीं घाटग्यांच्या हातून काय काय सोसलें, तें येथें सांगत नाहीं. इतिहासाच्या पुस्तकांत तें वाचावयास मिळतें.

मायकलच्या बाजूनें बोलणारे म्हणतील कीं, तो नोकर, धन्याची आज्ञा त्यानें पाळली. पलटणी शिंद्यांच्या होत्या, हें खरें. परंतु शपथ त्याची स्वतःची होती. शपथ वाहणारा मनुष्य परमेश्वराला साक्षी ठेवतो, हें धर्मशिक्षणाच्या वर्गांत आपण लहान मुलांनाही शिकवितों. कैद करण्याची आज्ञा पाळणें ही एक गोष्ट, आणि सांपळ्याचें आमिष म्हणून आपला शब्द उसना देणें ही दुसरी. हर्बर्ट कॉम्प्टन ह्या इंग्रज ग्रंथकारानें १८९२ सालीं हिंदुस्थानांतील युरोपीय शिलेदारांचीं चरित्रें लिहिलीं, त्यांत मायकलविषयीं एक चांगला शब्द काढण्यासही तो तयार नाहीं. त्याच्या लेखणींत खालच्या कुळाविषयींचा तिरस्कारही डोकावतो, तो भाग सोडून द्यावा. खेंचरें हांकणें हें पाप नव्हे. पण पुण्याच्या त्या सायंकाळचा दोष कोणत्याही सबबीनें पुसला जात नाहीं.

फळ लवकरच आलें. बाजीराव, दौलतराव आणि घाटगे ह्यांचें आपसांत पटेना, पैशाची ओढ संपेना, आणि १७९८ च्या जुलै महिन्यांत दहा लाख रुपये घेऊन दौलतरावांनीं नानांची सुटका केली. ज्यानें फसविलें त्याला आतां नानांच्या स्वाधीन करतील, ह्या भीतीनें मायकलची झोंप उडाली. त्यानें आपल्या पलटणी दोघां मुलांच्या हवालीं केल्या आणि तो मुंबईस इंग्रजांच्या आश्रयास पळून गेला. मराठ्यांच्या राजकारणांत तो पुन्हां आला नाहीं. नाना १३ मार्च १८०० रोजीं पुण्यांत वारले.

आतां मुलांची हकीकत. बापाच्या नांवाला लागलेला डाग मुलांना कसा भोंवतो, हें फिदेलच्या बाबतींत दिसतें. यशवंतराव होळकर व शिंदे यांचा झगडा माळव्यांत पेटला होता. १८०१ च्या ऑक्टोबरांत इंदूर येथें होळकरांचा पराभव झाला. त्या धामधुमींत फिदेलवर असा आरोप आला कीं, तो आंतून होळकरांना मिळाला आहे. त्याला कैदेंत टाकण्यांत आलें आणि तेथें त्यानें स्वतःच्या हातानें आपला गळा चिरून घेतला. नांव विश्वासू, आणि मरण अविश्वासाच्या आरोपाखालीं! ज्याच्या बापानें शपथ मोडली होती, त्याच्या शब्दावर छावणींत कोण विश्वास ठेवणार होतें?

राहिला जान बाप्तिस्त. घराणें टिकलें तें ह्याच्यामुळें. १८०३ सालीं इंग्रजांशीं युद्ध जुंपलें, तेव्हां शिंद्यांच्या चाकरींतील युरोपीय सरदारांची खरी पारख झाली. मुख्य सेनापति पेराँ सप्टेंबरांत चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेला. दुसरेही पुष्कळ गेले. २३ सप्टेंबर रोजीं जालना जिल्ह्यांतील असई येथें जी घनघोर लढाई झाली, तींत फिलोजच्या कांहीं पलटणी द्युपाँ नांवाच्या सरदाराच्या हाताखालीं लढल्या. जान बाप्तिस्त स्वतः त्या वेळीं उज्जैनीकडे होता. डिसेंबरांत सुर्जी-अंजनगांवचा तह झाला, शिंद्यांचा मुलूख गेला, वैभव गेलें, उत्तरेंतली नामांकित फौज मोडली. ज्यांना द्रव्य मिळवावयाचें होतें त्यांच्यासाठीं तेथें आतां फारसें उरलें नव्हतें. जान बाप्तिस्त राहिला.

ह्याचा अर्थ तो साधु होता असा नव्हे. पुढच्या पंधरा वर्षांत माळवा व बुंदेलखंडाच्या सीमेवरील लहानमोठ्या राजांना त्यानें जें हैराण केलें, त्याच्या आठवणी तिकडे कडूच आहेत. दौलतरावांनीं त्याला श्योपूरचा मुलूख लावून दिला, म्हणजे तो जिंकून घेण्याचा हक्क दिला. तेथें गौड राजपूत नांदत होते. किल्ला हल्ल्यानें पडेना, म्हणून त्यानें वेढा घालून अन्न तोडलें आणि उपासमारीनें त्यांना बाहेर काढलें. १८११ सालीं चंदेरी घेतली. राघोगढचा खीची राजा जयसिंग ह्याचें राज्य घेतलें. पण हा जयसिंग स्वस्थ बसणारा नव्हता. १८१४ सालीं त्यानें अचानक श्योपूर गांठलें आणि किल्ला, मालमत्ता व फिलोजचें कुटुंब एकदमच ताब्यांत घेतलें. दुसऱ्यांचीं घरें उठविणाऱ्या सेनापतीचें घर असें उठलें. ह्या दोघांच्या झगड्यावर श्योपूरकडील एका भाटानें कवनें रचलीं.

ह्याच मोहिमांच्या काळांतील एक गोष्ट आपल्याला विशेष वाटावी अशी आहे. जिंकलेल्या एका किल्ल्याला जान बाप्तिस्तानें ईसागढ, म्हणजे येशूचा गड, असें नांव दिलें. हें नांव देणाऱ्याची करणी येशूच्या शिकवणुकीला साजेशी होती काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो वाजवी आहे. तथापि मराठ्यांच्या फौजेंतील एक सेनापति, हिंदु राजाच्या पदरीं राहून, आपल्या प्रभूचें नांव किल्ल्याला उघडपणें देतो आणि धनी त्याला हरकत घेत नाहीं, हेंही नोंदण्यासारखें आहे.

पुढें दैव फिरलें. शिंदे व इंग्रज यांच्यांत १८१७ च्या नोव्हेंबरांत नवा तह झाला. त्यानंतर जान बाप्तिस्तावर धन्याची गैरमर्जी झाली आणि कांहीं काळ त्याला ग्वाल्हेरींत कैदेंत राहावें लागलें. भावाचें कैदेंत काय झालें होतें, तें त्याला आठवलें नसेल काय? पण तो तगला. सुटल्यावर हातीं उरलेल्या एकट्या श्योपुरांत जाऊन राहिला, आणि पुन्हां बोलावणें आलें तेव्हां पुन्हां फौजेंत रुजू झाला. दौलतराव १८२७ सालीं वारले, बायजाबाईंचा अंमल झाला, जनकोजीराव आले व गेले. १८४३ च्या डिसेंबरांत महाराजपूर व पनियार येथें ग्वाल्हेरच्या फौजेचा इंग्रजांनीं पराभव केला. बाल जयाजीराव गादीवर असतां १८४६ सालीं जान बाप्तिस्त वारला. बापानें पलटणी सोंपविल्या त्याला तोंवर अठ्ठेचाळीस वर्षें झालीं होतीं.

डी बॉयन अपार द्रव्य घेऊन शांबेरीस परतला आणि १८३० सालीं तेथेंच वारला. त्याच्या गांवकऱ्यांनीं चार हत्तींचें कारंजें उभारून त्याची आठवण ठेविली. पेराँही द्रव्य घेऊन फ्रान्सांत गेला. शिंद्यांच्या फौजेंतील ह्या बड्या मंडळींचीं नांवें युरोपांत राहिलीं, पण ह्या देशांत त्यांच्या नांवाचें घर राहिलें नाहीं. फिलोजांचें राहिलें. त्यांच्यांतील कांहींजण उर्दूंत कविता करूं लागले. राम बाबू सक्सेना ह्यांनीं १९४१ सालीं युरोपीय वंशाच्या उर्दू व फारसी कवींवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत फिलोज घराण्याला जागा मिळाली आहे. कास्तेल्लामारेच्या निरक्षर खेंचरवाल्याचे नातूपणतू मुशायऱ्याच्या भाषेंत यमकें जुळवीत होते!

आजोबा-पणजोबांचें नांव पुढच्या पिढींत ठेवण्याची चाल इटलींत आहे, तशी आपल्याकडेही आहे. घराण्याच्या अशा शोधांत ही चाल फार उपयोगी पडते, पण घोटाळाही करते, कारण एकाच नांवाचे दोन पुरुष कागदोपत्रीं एकमेकांत मिसळतात. शिवाय फिलोज हें आडनांव इंग्रजी कागदांत तीन-चार तऱ्हांनीं लिहिलेलें आढळतें. म्हणून नांवापुढें साल पाहिल्याशिवाय कोणतीही नोंद आपल्या पूर्वजाची म्हणून धरूं नये, अशी सूचना वह्या चाळणाऱ्यांना करावीशी वाटते. फिलोजांच्या घरींही दुसरा मायकल जन्मला, १८३६ सालीं. हा शिपाई म्हणून नव्हे तर शिल्पकार म्हणून प्रसिद्धीस आला. जयाजीराव शिंद्यांसाठीं त्यानें जयविलास राजवाड्याची रचना केली. हा वाडा १८७४ सालीं पुरा झाला, आणि पुढच्याच हंगामांत इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानांत आले तेव्हां त्यांचा पाहुणचार करण्यास तो सज्ज होता. तळमजल्याचे खांब तस्कनी धाटणीचे, त्यावरचे डोरिक, सर्वांत वरचे कॉरिंथी. ही सारी पद्धति इटलींतली.

दरबाराच्या दालनांत दोन प्रचंड झुंबरें आहेत, प्रत्येकीं सुमारें साडेतीन टन वजनाचीं. छत एवढा भार पेलील किंवा नाहीं, हें पाहण्यासाठीं आधीं उतरंडीवरून हत्ती वर चढवून छतावर उभे केले होते, असें ग्वाल्हेरींत सांगतात. छत खचलें नाहीं, आणि झुंबरें अजून तेथेंच टांगलेलीं आहेत. सर मायकल फिलोज १९२५ सालीं वारले. वाड्याचा कांहीं भाग १९६४ पासून वस्तुसंग्रहालय म्हणून सर्वांस खुला आहे. ईसागढ हें गांव मध्य प्रदेशांतील अशोकनगर जिल्ह्यांत आहे, आणि नकाशावर आजही त्याच नांवानें दाखविलेलें असतें.